प्रवेश मिळाला, शिक्षणाचे काय?

दिव्यांग विद्यार्थ्याला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की समाजाला आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र छापून येते, एखादी संस्था शाल-श्रीफळ देऊन त्याचा गौरव करते आणि ‘परिस्थितीवर मात’ हे शब्द आणखी एकदा उपयोगात येतात. पावसाळ्याबरोबर महाविद्यालये सुरू होतात आणि मग ती परिस्थिती खऱ्या अर्थाने त्याच्यासमोर उभी राहते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात. ग्रंथालयातले पुस्तक हाती येते, पण वाचता येत नाही. परीक्षा तोंडावर येते आणि लेखनिक मिळत नाही. या परिस्थितीवर मात करण्याचे काम त्या अठरा वर्षांच्या मुलावर वा मुलीवर सोपवून सत्कार करणारे सर्वजण आपापल्या घरी गेलेले असतात.

कौतुक आणि करुणा या दोहोंच्या आड मूळ प्रश्न झाकला जातो. दोन पायांनी जिना चढणारा, डोळ्यांनी फळा वाचणारा, कानांनी व्याख्यान ऐकणारा आणि तीन तास न थांबता हाताने लिहिणारा विद्यार्थी गृहीत धरून आपल्या इमारती, वेळापत्रके आणि परीक्षा आखल्या गेल्या. जो या साच्यात बसत नाही त्याच्यासाठी मग ‘सवलत’ असते. सवलत देणारा मोठा आणि घेणारा लहान, हे त्या शब्दातच आले. कायद्याने हक्काची भाषा केव्हाच स्वीकारली आहे. महाविद्यालयांच्या कार्यालयांत मात्र अजून सवलतीचीच भाषा चालते, आणि या दोन भाषांमधील अंतरात अनेकांचे शिक्षण अडकून पडले आहे.

आकड्यांची साक्ष

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली. महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. या व्यक्तींपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होत्या आणि पदवी वा त्याहून पुढचे शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण अवघे ५ टक्क्यांच्या आसपास होते. केंद्र शासनाच्या उच्च शिक्षणविषयक सर्वेक्षणाचे आकडे अधिक बोलके आहेत. २०२०-२१ या वर्षी देशातील उच्च शिक्षण घेणाऱ्या सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांग विद्यार्थी होते ७९ हजार ३५. हजारामागे दोनही नाहीत! आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, हा आकडा ९२ हजार ८३१ होता. म्हणजे एकूण विद्यार्थिसंख्या वाढत असताना दिव्यांगांची संख्या घटली, आणि तीही महासाथीच्या अशा वर्षी, जेव्हा अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर गेले होते. ज्याला तो पडदा दिसत नव्हता किंवा त्यातला आवाज ऐकू येत नव्हता, त्याचे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

जनगणनेतील सर्व वयोगटांची टक्केवारी आणि महाविद्यालयातील नोंदणी यांची थेट तुलना शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तरीही लोकसंख्येत हजारामागे बावीस आणि उच्च शिक्षणात दोनही नाहीत, ही तफावत केवळ वयोगटाच्या हिशेबाने भरून निघणारी नाही. वाटेत कुठे तरी मुले गळतात. काही शाळेतच गळतात. पण जी बारावीपर्यंत टिकतात, ज्यांनी आपली बुद्धी आणि चिकाटी सिद्ध केलेली असते, तीही पदवीच्या उंबरठ्यावर किंवा तो ओलांडल्यावर गळतात. ही गळती अधिक लाजिरवाणी आहे, कारण तिचा दोष कोणत्याही व्यंगावर ढकलता येत नाही.

कायद्याचे दान, व्यवस्थेची अडवणूक

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, तेव्हा भारतात या विषयावर सर्वंकष असा कायदा नव्हता. तो १९९५ मध्ये झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद होती. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सातांचे प्रकार एकवीस झाले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळाली.

तथापि या अधिनियमाचे खरे महत्त्व टक्केवारीत नाही. प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे ‘वाजवी सोय’ उपलब्ध करून देणे, ही कल्पना त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. राखीव जागांची तरतूद शासकीय व अनुदानित संस्थांपुरती आहे. परंतु वाजवी सोयीची अपेक्षा शासनाने मान्यता दिलेल्या संस्थांकडूनही आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांना ‘हे आम्हांला लागू नाही’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. अधिनियमाचा भंग करणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे.

या चांगल्या कायद्यातही एक दरी राहिली आहे. सहा ते अठरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरावे वर्ष म्हणजे नेमके महाविद्यालयाचे पहिले वा दुसरे वर्ष. शाळेत कधी विशेष शिक्षक असतो, खास साधने असतात, मुलाला नावाने ओळखणारे मुख्याध्यापक असतात. महाविद्यालयात तोच मुलगा शंभर-सव्वाशेंच्या वर्गातला एक हजेरी क्रमांक होतो. ज्या वयात विषय कठीण होतात, अंतरे वाढतात आणि घरापासून दूर राहावे लागते, त्याच वयात आधाराचा हात सुटतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

लेखनिकाचा शोध

या विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांचा सर्वांत परिचित अध्याय म्हणजे लेखनिकाचा. ज्याला पाहता येत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्याने उत्तरे सांगावयाची आणि दुसऱ्याने ती लिहावयाची, ही पद्धत जुनी आहे. १९९५ च्या कायद्यानेही अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली होती. प्रत्यक्षात मात्र हा शोध बहुधा विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस इतर मुले अभ्यास करीत असतात आणि हा मुलगा ओळखीपाळखीच्या घरी जाऊन ‘सहा दिवस सकाळी मोकळे आहात का?’ असे विचारीत असतो. मिळालेला लेखनिक तिसऱ्या पेपरच्या दिवशी आजारी पडतो. कधी त्याचे अक्षर वाचता येत नाही, कधी त्याला पारिभाषिक संज्ञा लिहिता येत नाहीत, आणि ‘सापेक्षतावाद’ हा शब्द चार वेळा फोड करून सांगण्यात दोन मिनिटे जातात. गुण मात्र सांगणाऱ्याचे जातात.

नियमांचा प्रवासही सरळ झालेला नाही. केंद्र शासनाने २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याचे ठरविले आणि लेखनिकावर शिक्षणाची वा वयाची बंधने घालू नयेत असे सुचविले. २०१८ च्या सूचनांनी उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, अशी अट आणली. गैरप्रकार टळावेत हा तिचा हेतू समजण्यासारखा होता. परंतु पदव्युत्तर परीक्षेतील उत्तर त्या विषयाचा गंधही नसलेल्या मुलाकडून लिहवून घेणे काय असते, हे ते लिहवून घेणाऱ्यालाच माहीत. त्यातही ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी भरते, त्यांना लेखनिकच नाकारला जाई. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ही भिंत दूर केली. लिहिण्यास प्रत्यक्ष अडचण आहे की नाही हे पाहावयाचे, टक्केवारी नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यानुसार नव्या सूचनाही निघाल्या. तरीही परीक्षा केंद्रावरील पर्यवेक्षकापर्यंत सूचना पोहोचलेली नसेल, तर न्यायालयाचा निर्णय त्या तीन तासांत उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण असेच होते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा जादा एक तास केंद्रावर नाकारण्यात आला होता. न्यायालयाने चूक परीक्षा यंत्रणेच्या पदरात घातली. पण गेलेला तास परत येत नाही.

जादा वेळ ही मेहेरबानी आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून दुसऱ्याकडून एक पान लिहवून घ्यावे. प्रश्न वाचून घ्यावयाचा, मनात उत्तराची मांडणी करावयाची, ती सावकाश उच्चारावयाची, लिहिलेले परत ऐकावयाचे, चूक सुधारून घ्यावयाची. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला मिळणारा जादा एक तास या उलाढालीतच खर्च होतो.

पुस्तक हाती, पण वाचता येईना

अंधांच्या शिक्षणाची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभीच अंध मुलांच्या शाळा सुरू झाल्या. राष्ट्रीय अंध संघाची स्थापनाही १९५२ मध्ये मुंबईतच झाली. भारतीय भाषांसाठी एकसमान अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली. पण महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचे प्रत्येक पुस्तक ब्रेलमध्ये येणे कधीच शक्य झाले नाही. कित्येक पिढ्या मित्रांच्या आवाजावर आणि ध्वनिफितींवर पदवीधर झाल्या. समाजाने त्यांच्यासाठी गायन, वेताच्या खुर्च्या विणणे आणि टेलिफोनची जोडणी असे मोजके व्यवसाय ठरवून ठेवले होते. अंध विद्यार्थ्याने कला शाखेकडेच वळावे, हा आग्रह त्याच समजुतीचा अवशेष आहे.

संगणकाने हे चित्र पालटण्याची संधी दिली. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणाली आल्या. त्यांतील एनव्हीडीए ही प्रणाली २००६ पासून विनामूल्य मिळते आणि ती मराठीही वाचते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आणि मनावर घेतल्यास महाविद्यालयाच्या आवारात काय करता येते, ते दाखवून दिले. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुद्रित पुस्तकाचे अशा वाचकांसाठी रूपांतर करण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, तो २०१४ मध्ये. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालयही सुरू झाले.

मग अडते कोठे? अडते ते अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. महाविद्यालयाच्या कार्यालयात सूचना आणि प्राध्यापकांच्या टिपणांचे टंकलेखन अद्याप अनेक ठिकाणी जुन्या मराठी फाँटमध्ये होते. कागदावर ते सुबक दिसते. वाचक प्रणालीला मात्र त्यात मराठी दिसतच नाही. ती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गलबला उच्चारते. युनिकोडमध्ये टंकलेखन केले, तर हीच सूचना त्या विद्यार्थ्याला क्षणात ऐकता येते. खर्च शून्य. याहून वाईट प्रथा म्हणजे कागदाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते विद्यार्थ्यांच्या गटावर टाकून देणे. परीक्षेच्या वेळापत्रकातील बदल अशा तिरक्या, धूसर छायाचित्रातून कळविला जातो. वर्गातील साठ मुलांना तो समजतो आणि एकसष्टाव्याला कोणी वाचून दाखविला तरच समजतो. पुस्तकांचेही तसेच. स्कॅन केलेले मराठी पान संगणक ओळखतो खरे, पण जोडाक्षरांत अडखळतो. कोणी तरी ते तपासून शुद्ध करावे लागते. कायद्याने परवानगी दिली, परंतु परवानगी काही पाने तपासत नाही.

न दिसणारी अडचण

ज्याच्या हातात पांढरी काठी किंवा कुबडी आहे, त्याची अडचण निदान दिसते. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याची दिसत नाही. तो वर्गात बसतो, ओठांच्या हालचालींकडे लक्ष ठेवतो आणि प्राध्यापक फळ्याकडे वळताच त्याच्यापुरता तास संपतो. श्रवणदोषाविषयीची राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात दहा हजार संज्ञा जमा झाल्या. परंतु सर्वसाधारण महाविद्यालयात दुभाषक असणे ही आजही नवलाची गोष्ट आहे. दुभाषक मिळेपर्यंत निदान तासाच्या आदल्या दिवशी टिपणे देणे, नव्या संज्ञा फळ्यावर लिहिणे आणि वर्गाकडे तोंड करून बोलणे एवढे तरी प्रत्येकाला शक्य आहे. पूर्वी शेजारचा मित्र वहीत कार्बन पेपर घालून टिपणांची दुसरी प्रत काढून देई. आज एका छायाचित्राने तेच काम होते. हवी असते ती आठवण.

२०१६ च्या अधिनियमाने अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता आणि रक्तविकार यांनाही यादीत स्थान दिले. ही भर महत्त्वाची आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलाला विषय समजतो, पण अक्षरे आणि अंक त्याला दगा देतात. मुंबई-पुण्याच्या मुलाला निदान, प्रमाणपत्र आणि जादा वेळ मिळण्याची शक्यता असते. खेड्यातील मराठी माध्यमाच्या मुलाला ‘ढ’ ही एकच पदवी मिळते, कारण तपासणीची सोय दूर शहरात असते आणि चाचण्याही इंग्रजीत जितक्या सहज मिळतात तितक्या मराठीत मिळत नाहीत.

सिकलसेलचे उदाहरण तर महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक विकार आढळतो. वेदनेचा झटका आला की विद्यार्थी आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतो. थॅलेसेमियाच्या रुग्णाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. अशा विद्यार्थ्याची हजेरी ७५ टक्के भरत नाही आणि परीक्षेचा अर्ज अडतो. कार्यालयातील कारकून नियमावर बोट ठेवतो. त्याचे चुकते असेही नाही, कारण अपवाद करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आदिवासी पाड्यातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली एखादी मुलगी आजाराने नव्हे, तर हजेरीपटाने घरी परतते.

पायऱ्यांचे अंकगणित

इमारतींचा प्रश्न खर्चाचा आहे, असे सांगितले जाते. काही अंशी ते खरे आहे. पण जेथे खर्च केला जातो तेथेही विचार केला जात नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. पायरी सहा इंचांची धरली, तर पाच पायऱ्यांची उंची अडीच फूट आणि उतार तीस फूट लांब व्हावयास हवा. प्रत्यक्षात आठ-दहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी उभी केली जाते. तिच्यावरून स्कूटर चढते. चाकाची खुर्ची चढत नाही, आणि उतरताना तर जिवावर बेतते. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही सोयींबद्दल विचारणा होऊ लागली, तेव्हापासून अशा घसरगुंड्या बऱ्याच दिसू लागल्या. दिव्यांगांसाठी म्हणून पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि आत मोडकी बाके रचलेली असतात. मुलींच्या बाबतीत या एका कुलपाचा अर्थ फार मोठा होतो. दिवसभर पाणी न पिता बसणे किंवा महाविद्यालय सोडणे, एवढेच पर्याय उरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांच्या सुगम्यतेसाठी तपशीलवार मानके प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत आहे, असे ठरवून सक्तीचे किमान निकष आखण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ‘जमेल तेव्हा करू’ या उत्तराचे दिवस संपत आले आहेत, याची नोंद संस्थाचालकांनी घ्यावी.

दरम्यान एक उपाय असा आहे, की ज्याला एक वीटही लागत नाही. ज्या वर्गात चालता न येणारा विद्यार्थी आहे, तो वर्ग तळमजल्यावर आणावा. वेळापत्रकातील दोन चौकटींची अदलाबदल, एवढेच त्याचे मोल. असे असूनही मित्रांनी उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलेल्या विद्यार्थ्याच्या कहाण्या कौतुकाने सांगितल्या जातात. मित्रांचे कौतुक व्हावेच. पण तीन वर्षे रोज दुसऱ्याच्या खांद्यावरून वर्गात जाणाऱ्याच्या मनाचे काय होते आणि मित्र आला नाही त्या दिवशी तासाचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

आक्षेपांचा विचार

‘इतक्या थोड्या विद्यार्थ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा पहिला आक्षेप. हे तर्कट वर्तुळाकार आहे. सोय नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून सोय होत नाही. नदीवर पूल बांधण्यापूर्वी पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची गरज ठरवीत नाहीत.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. वाजवी सोयीमुळे परीक्षेचा दर्जा उतरतो, असे प्रामाणिकपणे मानणारे शिक्षकही आहेत. प्रश्नपत्रिका तीच, उत्तराची अपेक्षा तीच, गुणदानाचा निकषही तोच. बदलतो तो केवळ उत्तरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. वैद्यकीय शिक्षणाबाबत हा आक्षेप सर्वांत जोराने घेतला जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ठरावीक टक्केवारीचे दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही; तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, याची प्रत्यक्ष तपासणी व्हावयास हवी. जो न्याय वैद्यकाला, तो वाणिज्य आणि विज्ञान शाखांना का नसावा?

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, कार्यालयात दोघांचे काम एकजण करतो, आणि त्यात हे नवे काम कोणी करावयाचे? शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. त्या विभागाने आणि उच्च शिक्षण विभागाने मिळून महाविद्यालयांना या कामासाठी पद आणि निधी दिला पाहिजे, ही मागणी रास्त आहे. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत न होता जे आवारातच उपलब्ध आहे, त्याचा उपयोग आज होऊ शकतो.

करण्यासारखे पुष्कळ आहे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजकार्य करावे अशी अपेक्षा असते. त्यांतील काही तास स्कॅन केलेली मराठी पाने शुद्ध करण्यासाठी आणि पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्यासाठी दिले, तर दोन-तीन वर्षांत महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचे ऐकता येणारे ग्रंथालय उभे राहील. प्रथम वर्षाच्या स्वयंसेवकांतून लेखनिकांची यादी सत्राच्या आरंभीच तयार करावी, त्यांना पारिभाषिक शब्दांचा सराव द्यावा आणि प्रत्येक परीक्षेला एक राखीव लेखनिक ठेवावा. लेखनिक शोधणे हे परीक्षार्थीचे काम नाही. ते परीक्षा विभागाचे आहे.

प्राध्यापकाला फार काही नवे शिकावयाचे नाही. फळ्यावर जे लिहावयाचे ते मोठ्याने उच्चारावे, आकृती काढताना तिचे शब्दांत वर्णन करावे, टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. याचा लाभ मागच्या बाकावरच्या प्रत्येकाला होतो. कार्यालयाने सूचना छायाचित्रातून नव्हे, मजकुराच्या रूपात पाठवाव्यात. प्राचार्यांनी एका प्राध्यापकाला आणि एका कर्मचाऱ्याला नावानिशी जबाबदार करून ती नावे सूचनाफलकावर लावावीत. हजेरीतील सूट, वर्गाची अदलाबदल, परीक्षेतील जादा वेळ यांचे निर्णय त्यांच्याकडे आठ दिवसांत व्हावेत, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्येक खिडकीवर आपले प्रमाणपत्र आणि आपली कहाणी पुन्हा पुन्हा मांडावी लागणार नाही.

आणि सर्वांआधी प्रवेशअर्जात एका रकान्याची भर घालावी. आजच्या अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी विचारली जाते व प्रमाणपत्राची प्रत मागितली जाते. ‘शिकण्यासाठी तुम्हांला काय लागेल?’ हा प्रश्न बहुधा नसतोच. तो विचारला तर उत्तरे फार मोठी येणार नाहीत. कोणी तळमजला मागेल, कोणी पहिले बाक, कोणी मोठ्या टायपातील प्रश्नपत्रिका, कोणी औषध घेण्यासाठी पाच मिनिटांची मोकळीक. उत्तरे अर्जावर असतील, तर ती जून महिन्यातच वेळापत्रक करणाऱ्याच्या आणि परीक्षा घेणाऱ्याच्या हाती पडतील, आणि ऑक्टोबरात धावाधाव करावी लागणार नाही. राखीव जागांच्या पाच टक्क्यांनी दार उघडले आहे. त्या दारातून आलेला विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊनच बाहेर पडावा, यासाठी लागणारे बहुतेक सारे महाविद्यालयांच्या हातात आहे. पुढील प्रवेशांची पत्रके छापून होण्यापूर्वी निदान तो एक प्रश्न त्यांत यावा.